मस्कतला टॅक्स लागणार म्हणून

हॅम्बर्गच्या मराठी मंडळात देवदत्त चांदवडकरला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याला नीट ओळखतो असाही कुणी नाही. गणपतीत खुर्च्या मांडायला पहिला हाच. दिवाळीच्या फराळाचे रिकामे डबे ज्याचे त्याला पोचवणारा हाच. आणि ग्रुप फोटोत सगळ्यात मागे, कुणाच्या तरी खांद्याआडून अर्धाच दिसतो तोही हाच. मूळचा नाशिकचा, चाळिशी ओलांडलेला, विमानाच्या केबिनमधल्या वायरिंगचे आराखडे काढणाऱ्या कंपनीत मुरलेला इंजिनियर. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्याबद्दल लोकांना एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, ती म्हणजे याची बायको मस्कतला असते.

आता नवरा हॅम्बर्गला नि बायको मस्कतला म्हटल्यावर आपले लोक गप्प बसतील? शक्य तरी आहे का! पण देवदत्तकडे उत्तर तयार असायचं. "अरे, तिकडे टॅक्स नाही ना!" एवढं तो म्हणायचा, आणि समोरचा एकदम गंभीर व्हायचा. जर्मनीतल्या मराठी माणसाला दुसऱ्या कुठल्याही कारणाचा संशय येईल, पण या कारणाचा कधी येणार नाही. ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे आपापली पगाराची स्लिप उभी राहायची, वरचा आकडा नि खालचा आकडा. "हुशार आहात बुवा दोघं," असं म्हणून माणूस पुढे पोह्यांकडे वळायचा. एक गृहस्थ तर हे ऐकून स्वतःच्या बायकोकडे असे काही विचारपूर्वक बघायला लागले, की तिनं त्यांना सगळ्यांदेखत कोपरानं ढोसलं.

गंमत अशी, की तो हिशोब मुळात बसतच नव्हता. जर्मनीत नवरा-बायको एकत्र राहत असले, आणि एकच कमावत असला, की सरकार त्याला तीन नंबरच्या टॅक्स क्लासमध्ये टाकतं, म्हणजे कपात कमी. बायको युरोपाबाहेर राहायला गेली, की वर्ष पालटताच तुम्ही एक नंबर. एक नंबर म्हणजे एकटा माणूस. लग्न झालेलं असो नाहीतर नसो, फिनान्सआम्टच्या, म्हणजे तिथल्या टॅक्स ऑफिसच्या, लेखी तुम्ही सडेफटिंग. देवदत्तचं तेच झालं होतं. अरुंधती गेल्यावर पुढच्या जानेवारीत त्याच्या हातात पडणारा पगार असा काही घसरला, की तिनं तिकडे वाचवलेलं इकडे अलगद वाहून गेलं. मंडळातल्या सिद्धांतला, तो बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा चलाख पोरगा, त्याला एकदा ते खटकलंच. "दादा, पण मग तुझा क्लास बदलला असेल ना? तोटाच की हा!" देवदत्तनं "जा, जा, गेनाऊ," म्हणजे हो, हो, अगदी, असं जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटलं आणि चहाचे कप गोळा करायला उठला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरी गोष्ट अशी, की अरुंधती टॅक्ससाठी गेलीच नव्हती.

लग्न करून हॅम्बर्गला येण्याआधी नाशिकच्या एका शाळेत ती फिजिक्स शिकवत होती. मुलं तिच्या तासाला डबा खायचं विसरायची, अशी तिची ख्याती. इथे आल्यावर त्या सगळ्यावर भाषेचं झाकण बसलं. तिनं क्लास लावला, ती शिकलीही, पण बोलायची वेळ आली की देवदत्त पुढे व्हायचा. आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, व्हिसाच्या बाईशी देवदत्त बोलायचा. डॉक्टरकडे गेलं की दुखणं हिचं, आणि कुठे दुखतंय ते हा सांगायचा. बेकरीत ती मनात वाक्य जुळवत रांगेत उभी असायची, आणि तिचा नंबर आला की मागून हा म्हणायचा, "थांब, मी बोलतो." प्रेमानंच म्हणायचा, हे खोटं नाही. बायकोला त्रास नको, लोक खोळंबायला नकोत. घरी आल्यावर मात्र हा मुळातच कमी बोलणारा, त्यात दिवसभर जर्मन बोलून दमलेला. दोघांत मूल झालं नाही, त्याबद्दलही जे काही बोलायचं ते यानं डॉक्टरशी बोलून टाकलं होतं. बारा वर्षं बाई अशी राहिली.

मग एक दिवस तिला मस्कतहून, तिथल्या एका भारतीय शाळेतून नोकरी आली. तिनं विचारलं, "जाऊ?" तो म्हणाला, "तुला बरं वाटणार असेल तर जा." एवढंच. नाशिकहून सासूबाईंचा, सरलाताईंचा फोन आला, "अहो देवदत्तराव, असं अचानक काय काढलंत?" तेव्हा हा गडबडला आणि तोंडाला येईल ते बोलला, की तिकडे टॅक्स नाही, चार वर्षं काढली तर गाठीला बरंच लागेल. सरलाताईंना पटलं. अरुंधती शेजारीच उभी होती. तिनं ऐकलं नि काही बोलली नाही. तेव्हापासून तेच कारण झालं. त्यानं ते मंडळात सांगितलं, तिनं तिकडे शाळेत सांगितलं, आणि हळूहळू दोघं एकमेकांशीही तसंच बोलायला लागले.

पहिल्या वर्षी तो एकदा मस्कतला जाऊन आला. बाजारात पावला-पावलावर पोरं "गुड ईव्हनिंग, मॅम" म्हणून थांबायची, आणि ही सगळ्यांशी हसून, हातवारे करून बोलायची. मल्याळी दुकानदाराशी हिंदीत, अरब शेजारणीशी मोडक्या अरबीत, चुकत, स्वतःलाच हसत. देवदत्त मागे पिशव्या धरून उभा. आपली बायको इतकं बोलते हे बघून त्याला नवल वाटलं, थोडं दुखलंही. तेव्हाच त्याला सगळं कळायला हवं होतं. पण कळूनही न कळल्यासारखं राहण्याचं कसब माणसाला न शिकताच येतं. परतल्यावर सुट्ट्या जुळेनात, तिकिटं महाग, अशी कारणं होत गेली. ती उन्हाळ्यात नाशिकला जायची, तो डिसेंबरात.

हॅम्बर्गमध्ये एकटं राहणं म्हणजे काय, हे तसे दिवस ज्यानं काढलेत त्यालाच कळेल. पाऊस तर असतोच, त्याचं काही विशेष नाही. शनिवारी हा कुकरभर वरण करायचा आणि ते बुधवारपर्यंत पुरायचं. रविवारी दुकानं बंद, ड्रिल मारायला बंदी, मोठ्यानं गाणं लावायला बंदी, सगळी इमारत कशी चिडीचूप. कधीकधी शुक्रवारी ऑफिसातून निघताना "शोनेस वोखेनएंडं", सुट्टी छान जावो, असं म्हटल्यावर सोमवारपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. नाही म्हणायला शुक्रवारी संध्याकाळी अरुंधतीचा फोन, कारण शुक्रवारी तिला सुट्टी. त्यात काय, तर जेवलास का, जेवलीस का, तिकडे ऊन आहे, इकडे नाही. मध्यंतरी जिन्यावरून पडून त्याचा पाय मोडला. तिला त्यानं मुरगळला म्हणून सांगितलं. खालच्या मजल्यावरची म्हातारी फ्राऊ लोरेंत्झेन त्याला ब्रेड आणून द्यायची, आणि दर वेळी विचारायची, "आणि तुमच्या सौ.?" हा म्हणायचा, "मस्कतला. तिकडे टॅक्स नसतो." म्हातारी मान हलवायची. जर्मन असून तिलाच ते पटलेलं दिसायचं नाही.

आणि मग दोन हजार पंचवीसच्या जूनमध्ये बातमी आली. ओमान आयकर लावणार! आखातातला असा पहिलाच देश. पाच टक्के, दोन हजार अठ्ठावीसपासून. ट्रेनमध्ये फोनवर त्यानं ती ओळ वाचली आणि त्याचं स्टेशन निघून गेलं. वॉशिंग मशीनच्या माहितीपत्रकाचं शेवटचं पान वाचणारा हा माणूस, पण ही बातमी काही त्यानं पुढे वाचली नाही. त्याला हवं ते पहिल्याच ओळीत मिळालं होतं. टॅक्स नाही म्हणून ती गेली. आता टॅक्स येणार. म्हणजे तीही येणार. आपणच रचलेलं खोटं इतकी वर्षं घोकल्यावर माणसाला ते खरं वाटू लागतं, त्यातलाच हा प्रकार. उन्हाळाभर ती बातमी त्यानं जपून ठेवली. अरुंधतीला मात्र एका शब्दानं विचारलं नाही, कारण विचारलं की उत्तर येतं.

ऑक्टोबरात मंडळाचा चर्चेचा कार्यक्रम होता, आल्टोना भागातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये. मंडळाची सेक्रेटरी कादंबरी, पुण्याची, बोलायला लागली की माईक लागत नाही अशी बाई. तिनंच विषय ठेवला होता: ज्या देशात आयकर नाही, त्यानं तो लावावा का? साबुदाणा वडे खाऊन लोक खुशीत होते. सिद्धांत उठला आणि त्यानं धडाधड बाजू मांडली. "तेल त्यांचं, जमीन त्यांची, राज्य त्यांचं. बाहेरून आलेल्या माणसाला तिथे ना नागरिकत्व, ना मत, ना पेन्शन. मग टॅक्स कसला मागता? ज्याला काही द्यायचं नाही, त्याच्याकडून घ्यायचंही नाही. साधा न्याय आहे." टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, अहो पण तेल संपल्यावर खाणार काय ते लोक? दुसरं कुणी म्हणालं, श्रीमंतांकडून घ्या, नोकरदारांना कशाला छळता? एकूण हॉल सिद्धांतच्या बाजूचा होता. जर्मनीत टॅक्स भरून भरून जीव मेटाकुटीला आलेली माणसं ती. दुसरं काय होणार?

"मला बोलायचंय," असा मागून आवाज आला. लोकांनी वळून बघितलं. देवदत्त! कादंबरीच्या हातातला माईक तसाच राहिला.

"सिद्धांत बरोबर बोलतोय," देवदत्त म्हणाला. आवाज आधी जरा चिरकला, मग लागला. "पण तेच उलटीकडून बघा. जो देश तुमच्याकडून काही घेत नाही, तो तुमचं काही देणंही लागत नाही. नोकरी आहे तोवर राहा, गेली की सामान बांधा. पाहुण्याकडून कुणी घरखर्च मागत नाही. पण पाहुण्यानं कधीतरी निघायचं असतं. घरच्या माणसाकडूनच मागतात. मागच्या वर्षी माझा पाय मोडला. मी एकटा. फोन केला तर अँब्युलन्सची दोन पोरं आली, मला उचललं, जिन्यावरून खाली नेलं. हॉस्पिटलात कुणी विचारलं नाही की बाबा तू कुठला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आपण दर महिन्याला जे देतो ते गेलं नाही कुठे."

"दादा, ते इन्शुरन्समधून येतं, टॅक्समधून नाही!" सिद्धांत ओरडला. हशा पिकला.

"असेल. तू हुशार आहेस. पण रस्ता टॅक्सचाच होता ना, ज्यावरून ती गाडी आली?" आता सगळे देवदत्तच्या बाजूनं हसले, आणि तो आणखी चढला. "मत मलाही नाही इथे. पंधरा वर्षं टॅक्स भरतोय, मत नाही. ते चूकच आहे. टॅक्स घेता तर मतही द्या, असं म्हणायला पाहिजे आपण. पण निदान म्हणता तरी येतं. ज्यानं काही दिलंच नाही, तो काय तोंडानं मागणार? लावू दे त्यांना टॅक्स. माणसं तिथे येतात, कमावतात, आणि सगळी अर्धी कुठेतरी दुसरीकडेच राहिलेली असतात. घर एकीकडे, माणूस एकीकडे. बिनटॅक्सचं राज्य म्हणजे... म्हणजे घरं फोडण्याचा धंदा आहे तो!"

पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटचं वाक्य चर्चेच्या विषयात बसत नव्हतं, हे त्याच्याही लक्षात आलं. त्या अवघडलेपणातून सगळ्यांना सोडवायला कादंबरीनं टाळी वाजवली. "अरे, म्हणजे आता अरुंधती परत येणार तर! टॅक्स लागला, मग राहून काय करायचंय तिला तिकडे? होय ना, देवदत्त?"

आता इथे माणसानं काय म्हणावं? "बघू" म्हणावं. "ठरलं नाही" म्हणावं. सगळा हॉल आपल्याकडे बघून हसतोय, आपल्यासाठी आनंदलाय, अशी वेळ देवदत्तवर कधी आली नव्हती.

"हो," तो म्हणाला. "येणार."

मग काय विचारता! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अरुंधती पाहिजेच, असं कादंबरीनं तिथल्या तिथे जाहीर केलं. कादंबरीची एक मावसबहीण नाशिकला, सरलाताईंच्या ओळखीची. दोनच दिवसांत सरलाताईंचा फोन. "देवदत्तराव, अहो खरं का? अरु मला काही बोलली नाही ती!" देवदत्त म्हणाला, "चाललंय आई, बघतोय." थालीपिठाची भाजणी कुणाबरोबर पाठवू, असं त्या विचारायला लागल्या.

पुढचे दिवस देवदत्त असा काही हुरळला, की ऑफिसातल्या जर्मन लोकांनी त्याला बढती मिळाली का म्हणून विचारलं. कपाटाच्या तिच्या अर्ध्या भागात त्याचे सायकलचे सुटे भाग गेले होते, ते त्यानं तळघरात नेऊन ठेवले. नवा तवा आणला. पडदे धुतले. भाषेच्या क्लासला, संध्याकाळच्या बॅचला, तिचं नाव घालून टाकलं. व्हिसाच्या ऑफिसला तिच्या वतीनं लांबलचक ईमेल लिहिली, उत्तर आलं, त्याला परत उत्तर लिहिलं. कुठल्या शाळेत बदली शिक्षक लागतात त्याची चौकशी करून ठेवली. मनातल्या मनात नुसते मांडे खाणं चाललं होतं, आणि ज्या बाईसाठी हे सगळं, तिला अजून काही पत्ताच नव्हता. बिचाऱ्याचा राग येतो आणि दयाही येते.

शुक्रवारी फोन आला तेव्हा जेवलास का, जेवलीस का, हे झाल्यावर त्यानं घसा साफ केला.

"आल्झो... म्हणजे, तिकडे आता टॅक्स लागणार म्हणे."

"आईचा फोन आला होता मला," अरुंधती म्हणाली. "मी परत येणार असं तू सगळ्यांना सांगितलंस."

"नाही, म्हणजे मी म्हटलं, आता टॅक्स लागणार तर मग तिकडे राहण्यात फायदा काय? मी सगळं बघून ठेवलंय. व्हिसाचं लिहिलंय त्यांना. क्लासला नावही घातलंय तुझं, संध्याकाळची बॅच आहे."

"मला विचारलंस?"

त्यानं टेबलावरची क्लासची पावती उलटी करून ठेवली.

"बातमी नीट वाचलीस का तरी? वर्षाला बेचाळीस हजार रियालच्या वर कमावणाऱ्यांना आहे तो टॅक्स. शाळेतल्या बाईला कुठला लागतोय? आमच्या अख्ख्या स्टाफरूममध्ये कुणाला लागायचा नाही."

"पण पुढेमागे मर्यादा खाली आणतील ते. एकदा लावला की—"

"देवदत्त," ती म्हणाली, अगदी हळू, "फोनवर आपण दोघंच आहोत. कुणी ऐकत नाहीये. टॅक्सचं कशाला बोलतोयस?"

इतकी वर्षं ज्या खुंटीला सगळं टांगलं होतं, ती खुंटीच निघून हातात आली. मग त्यानं कधी न विचारलेलं विचारलं. "मग तू का गेलीस?"

ती बोलायला लागली तेव्हा चिडलेली नव्हती, आणि चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "तू कधी वाईट वागला नाहीस. ते कुणी म्हटलं तर मीच भांडेन. पण तिथे मी बोललेच नाही रे. माझं डोकं दुखतंय हेसुद्धा तू सांगायचास. मूल होणार नाही हे डॉक्टरनं तुला सांगितलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि तू मला ट्रेनमध्ये मराठीत सांगितलंस. मला हुंदका आला, तर तू म्हणालास, लोक बघतायत. वर्गात उभं राहून बोलणारी बाई मी. मला वाटायला लागलं, आपला आवाज कसा होता हेच आपण विसरणार."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"बोलून बघितलं. 'जाऊ?' म्हणून विचारलं तुला. ते तुला जाण्याबद्दलच वाटलं." ती थोडी हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "विमानतळावर तर मी मनात घोकत होते, हा आता म्हणेल, नको जाऊ. एकदा म्हणेल. तू ट्रॉलीसाठी सुटं नाणं शोधत बसलास."

देवदत्तला ते नाणं आठवलं नाही. आठवायला पाहिजे होतं असं मात्र फार वाटलं. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं, जुळवलेलं नव्हतं. "ये ना तू. टॅक्स गेला खड्ड्यात. मला एकट्याला राहवत नाही आता. घरात आलो की आवाज म्हणून नसतो. पाय मुरगळला नव्हता, मोडला होता. तुला सांगितलं नाही. तू ये, किंवा मी येतो तिकडे. सांग."

पलीकडे अरुंधती रडत होती.

"हे तू तेव्हा म्हणाला असतास ना," ती म्हणाली, "तर मी ती बॅग तिथल्या तिथे सोडून परत फिरले असते."

"आता?"

"आता नाही. रागावून नाही म्हणत. खरंच नाही. मला इथे बरं वाटतं. सकाळी उठून वर्गात जावंसं वाटतं. तू आलास, तर आपण दोघं परत तेच करू, तू चांगला वागशील आणि मी गप्प बसेन. मला नाही यायचं, देवदत्त. आणि तू इथे येऊ नकोस."

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते हेच. फक्त इथे झोपा करणाऱ्यालाही ते ठाऊक होतं, आणि त्याला रडूही येत नव्हतं.

थोड्या वेळानं तिनंच नाक पुसलं नि विचारलं, "आता आईला काय सांगायचं?"

"तूच सांग काय ते."

"तिला खरं आत्ता नको. दिवाळी तोंडावर आहे, तिचं बीपी परत वर गेलंय. मी उन्हाळ्यात गेले की शेजारी बसून सांगेन."

"मग काय सांगू? तू येणार असं मी सांगून बसलोय."

मग ते दोघं विचार करायला लागले. हा म्हणाला, व्हिसात अडकलंय म्हणू. ती म्हणाली, नको, आई व्हिसाच्या ऑफिसला शाप देत बसेल. ती म्हणाली, शाळेनं सोडलं नाही म्हण. हा म्हणाला, मग त्या प्रिन्सिपॉलला फोन लावतील, नंबर आहे त्यांच्याकडे. "लावतील!" असं म्हणून अरुंधती हसली, आणि हाही हसला. खरोखर हसली दोघं, सरलाताईंच्या स्वभावावर, पूर्वी नाशिकच्या घरी गच्चीत बसून हसायची तशी. किती वर्षांनी दोघांनी मिळून काहीतरी ठरवायला घेतलं होतं. फोन संपू नये असं त्याला वाटत होतं. शेवटी तीच म्हणाली, "जे आहे ते सांग की. टॅक्स मला लागत नाही. मर्यादा वर आहे. खोटंही नाही ते."

"हो," तो म्हणाला. "तेच सांगतो. पटेल त्यांना."

"पटेल," ती म्हणाली. "बरं, ठेवते. पाय दाखव नीट कुणाला तरी."

दुसऱ्या दिवशी शनिवार. कुकरची शिट्टी व्हायची होती तेवढ्यात सरलाताईंचा फोन आलाच. देवदत्तनं गॅस बारीक केला आणि एका दमात सांगून टाकलं. "आई, ते मी अर्धवट वाचलं होतं. तिकडचा टॅक्स फक्त मोठ्या पगारवाल्यांना आहे. अरुंधतीला लागत नाही. त्यामुळे घाई कशाला, असं आम्ही ठरवलंय. राहू दे ती तिकडेच अजून."

सरलाताईंचा हिरमोड झाला, तो त्यांच्या आवाजात कळत होता. भाजणी दळून झाली होती. पण त्या मूळच्या समजूतदार.

"दोघांनी ठरवलंत ना?"

"हो आई. काल बराच वेळ बोललो आम्ही."

"मग झालं तर!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पुन्हा उजळला. "कालच शेजारच्या वहिनींना सांगत होते मी, आमच्या अरुचं नि जावयांचं बघा. एवढ्या लांब असून एकमेकांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. नाहीतर आजकालची जोडपी, एका घरात राहून तोंडं दोन दिशांना. नशीब काढलं हो माझ्या पोरीनं."

"हो आई," देवदत्त म्हणाला.

त्यांनी आणखी काय काय सांगितलं, तब्येत जपा, भाजणी तरी पाठवते, एकटे असलात तरी गरम करून खा. तो हो म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर तो ओट्यापाशी उभा राहिला, आणि आता या घरात कधीच कुणी येणार नाही हे त्याला कळलं. मग मात्र त्याला रडू आलं. मोठ्यानं आलं. लोक बघतायत असं म्हणायला तिथे कुणी नव्हतं.